दुखण्याची पाटी

हृदयाला झडप असते हे मला माझी बिघडली तेव्हा कळलं. तोवर झडप म्हणजे वाळत घातलेल्या बोंबलांवर घार मारते ती, एवढंच ठाऊक. साल ऐंशीच्या पुढचं. मुरब्याला, म्हणजे आमच्या गावात, तेव्हा दोनच घरांत टीव्ही होता आणि हृदयाचं दुखणं फक्त पैसेवाल्यांना होतं असा आमचा पक्का समज होता.

परवा शेजारच्या आळीतल्या एका नव्या सुनेला तोच आजार निघाला. ती माझ्याकडे आली, दारातच बसली आणि म्हणाली, "मावशी, मी मरनार काय?" तिला मी धीराचं बरंच काही सांगितलं. पण काही गोष्टी तिच्या तोंडाकडे बघून सांगवल्या नाहीत. त्या इथं लिहिते. डॉक्टरकीतलं मला काही कळत नाही, तेव्हा ते विचारू नका. घाबरणं मात्र मला चांगलं येतं.

धाप

पहिल्यांदा धाप लागली ती खाडीच्या चढावर. मी दातिवऱ्याची, लग्न होऊन मुरब्याला आलेली. दहावीपर्यंत शिकले म्हणून माहेरी थोडं कौतुक होतं, पण सासरी डोक्यावर मासळीची पाटी सगळ्यांबरोबरच. एक दिवस चढ अर्धा झाला आणि मला पाटी उतरवावी लागली. मागून हिरावयनी आली. ती तांडेलाची, म्हणजे बोट चालवणाऱ्याची, बायको, गावातली सगळ्यात दणकट बाई, दोन पाट्या एकावर एक घेऊन चालणारी. म्हणाली, "सुमन, मासळी विकतेस का वारा खातेस?"

मी हसले. पुढच्या महिन्यात रोज हसावं लागलं. मग सपाटीवरही धाप लागायला लागली. मग आडवं झोपवेना. पाठीशी जुन्या जाळ्यांचं गाठोडं लावून बसूनच डोळा लागायचा. आणि एका सकाळी खोकले तर थुंकी गुलाबी पडली.

माझ्या सासूनं, म्हणजे आयनं, ते पाहिलं. दुपारी माझी कपबशी वेगळी झाली. संध्याकाळी ताटही. माझी चार वर्षांची पोर वैशाली माझ्या मांडीवर यायला लागली की आय तिला हाक मारायची. क्षयाचं नाव घरात कुणी घेतलं नाही, पण ताटापुढं बसले की ते मला दिसायचंच. रागही यायचा आणि पोरीला जवळ घ्यायची भीतीही वाटायची. दोन्ही एकदम.

डॉक्टर फार वेळ ऐकतात तेव्हा

आमचे हे बोटीवर खलाशी. बोट किनाऱ्याला लागली त्या दिवशी मला घेऊन निघाले. होडीनं खाडी ओलांडून सातपाटी, तिथून एस.टी.नं पालघर. डॉक्टर वयस्क होते, फारसं बोलत नव्हते. छातीला नळी लावली, ऐकलं. मला डाव्या कुशीवर वळवलं, पुन्हा लावली आणि डोळे मिटून ऐकत बसले. माणूस इतका वेळ ऐकतोय म्हणजे आत काहीतरी भलतंच बोलतंय, असं मला वाटलं. मी श्वास रोखून धरला तर म्हणाले, "श्वास घ्या हो. मला तो पण ऐकायचाय."

मग त्यांनी विचारलं, "लहानपणी सांधे सुजले होते?"

सुजले होते. दातिवऱ्याला असताना, सातवीच्या वर्षाला. गुडघे टम्म झाले होते. आईनं मिठाच्या पुरचुंडीनं शेकलं, ताप उतरला, आम्ही विसरलो. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही विसरलात. तो ताप हृदयात खूण ठेवून गेला." त्यांनी कागदावर एक दार काढलं, अर्धवट उघडलेलं. "ही झडप चिकटलीय. औषधानं नाही सुटायची. ऑपरेशन लागेल. मुंबईला सरकारी इस्पितळात करतात. फासळ्यांमधून आत जाऊन बोटानं मोकळी करतात."

"बोटानं?" ह्यांनी विचारलं.

"हो. बोटानं."

पुढचं मला नीट ऐकूच आलं नाही. पावसाळ्याच्या आत करा, तोवर दिवस राहू देऊ नका, असं काहीतरी म्हणाले तेव्हा हे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. माझ्या डोक्यात ते बोट. कुणाचं असेल, केवढं असेल, माझ्या काळजात शिरलं आणि तिथंच थांबलं तर?

घरी येऊन आयला सांगितलं, क्षय नाही. तिनं उठून माझी कपबशी सगळ्यांच्या कपबश्यांत नेऊन ठेवली. "मंग झालं तर," म्हणाली. हृदय, झडप, बोट हे तिच्यापर्यंत पोचलंच नाही. मला त्या क्षणी तिचा हेवा वाटला.

पाटी कुणाची

आता आमच्या गावातली एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. बोट किनाऱ्याला लागली की लिलावाच्या आधी मासळीची एक पाटी बाजूला निघायची. तिला दुखण्याची पाटी म्हणत. ती विकून येईल ते पंचांकडे राहायचं. खलाशी पडला, हात गिअरमध्ये गेला, वीज पडून भाजला, तर त्याच्या औषधपाण्याला ते द्यायचं. ज्यानं पाटी काढली त्याला हक्क. दया नाही, उपकार नाही. ही रीत घालणाऱ्यांत माझे सासरेही होते.

पण ती पाटी बोटीवर चढणाऱ्यांचीच. बायका बोटीवर चढत नाहीत. आम्ही मासळी सोलायची, सुकवायची, विकायची आणि दुखणं घरी काढायचं.

ऑपरेशन सरकारी असलं तरी बाहेरून आणायची औषधं होती, दोन माणसांनी महिनाभर मुंबईत राहायचं होतं आणि पुढं वर्षानुवर्षं इंजेक्शनं. खलाशाच्या वाट्यात हे बसणारं नव्हतं. म्हणून शाळेतल्या गुरुजींनी, जे मच्छीमार सोसायटीचं लिहिण्या-वाचण्याचं कामही बघायचे, सभेत विषय काढला. जाळी दुरुस्त करायच्या मांडवात सभा भरली. गुरुजी म्हणाले, "बायकांनीही आठवड्याला वाळल्या बोंबलांचा एक वाटा काढावा आणि पाटीवर त्यांनाही हक्क मिळावा. सुमनपासून सुरुवात करू."

एक नाखवा, बोटीचा मालक, लगेच उठला. "पाटी बोटीची. जो बोटीवर चढतो त्याची. उद्या कोंबड्यांना पन द्याल."

दुसरा म्हणाला, "पुरुषाचं दुखनं दिसतं. हात मोडला, पाय मोडला. बाईचं दुखनं कदी सुरू व्हतं नि कदी संपतं, कुनाला कळलंय? पाटीचा तळ दिसंल चार दिसांत."

हे मी धरूनच चालले होते. मला वाटलं, आता बायका तुटून पडतील. उठली हिरावयनी.

"मला काय झालंय?" ती म्हणाली. "मला सर्दी पन नाय. धडधाकट बाईनं दुखन्याच्या नावानं मासळी काढायची म्हंजे दुखन्याला आवतन धाडायचं. मी नाय धाडनार."

बायकांमध्ये माना हलल्या. आणि तेवढ्यात माझ्या शेजारून आय बोलली, "खरं हाय तिचं. आमच्यांनी ही पाटी चालू केली. त्याच साली पयला आजारी कोन पडला? तेच, नि तेच गेले. पाटीनं बोलावून घेतलं त्यांना."

माझीच सासू, माझ्याच मांडीला मांडी लावून बसलेली, माझ्याविरुद्ध बोलली. मला तिचा संताप आला. आणि खरं सांगू का, तिचं म्हणणं आत कुठंतरी पटलंही. दहावी शिकलेली मी, पण आजवर घरात कुणी दुखण्याचं नाव घेतलं तर लाकडाला हात लावत आले होते.

गुरुजी म्हणाले, पुढच्या वेळी पाहू. सभा उठली.

ज्याच्या त्याच्या तोंडी माझी झडप

त्यानंतर महिनाभर मुरब्याला दुसरा विषय नव्हता. विहिरीवर तेच, बोईसरच्या मासळीबाजारात तेच, खाडीच्या होडीतही तेच. होडीवाला एकदा मला ऐकू जाईल अशा आवाजात एका प्रवाशाला म्हणाला, "सरकारनंच सगळ्यांचं फुकट केलं पायजे, पाटी नको नि बिटी नको." प्रवासी म्हणाला, "फुकट हाय की. फक्त औषध बाहेरून आना, कापूस बाहेरून आना." दोघंही हसले. मी पाण्याकडे बघत बसले.

एक बाई सहानुभूतीनं म्हणाली, "सुमन, तूच वर्साआदी काढली असतीस पाटी तर आज कोन बोललं असतं?" वर्षाआधी मला कुणी विचारलं असतं तर मीही आवतणाचंच बोलले असते.

घरात तर आणखी वेगळं. हे म्हणायचे, जाळं विकतो. मी म्हणायचे, जाळं विकून मला वाचवाल आणि मग खाल काय, माझी झडप? ह्यावर ते गप्प बसायचे. आमच्याकडे भांडणात गप्प बसणारा जिंकतो. मी ओरडायचे, धाप लागायची, आणि धाप लागली की ते पंखा घेऊन बसायचे आणि भांडण अर्धंच राहायचं. पोर माझ्या छातीला कान लावून म्हणायची, "आये, तुझ्यात मशीन वाजते." मी तिला दूर सारायचे आणि मग पुन्हा जवळ ओढायचे.

ह्या आजारात लोक तुम्हाला सांगतील, काळजी करू नकोस. त्यांच्यावर चिडू नका. त्यांना दुसरं काही सुचत नसतं.

बोईसरला

मुंबईहून शिमग्यानंतरची तारीख आली. बरोबर निरोप आला की रक्ताच्या दोन बाटल्यांची सोय करून या. पालघरच्या डॉक्टरांनी वाट दाखवली. बोईसरला एका कारखान्यात रक्तदानाचं शिबिर होतं, तिथं तुमच्या माणसांनी रक्त दिलं तर कार्ड मिळेल, त्या कार्डावर मुंबईला बाटली मिळेल. पण गावातले पुरुष समुद्रात. हेही समुद्रात.

मी कुणाला विचारायचं धाडस केलं नाही. आयनंच हिरावयनीच्या दारात जाऊन सांगितलं. दुसऱ्या दिवशी बोईसरच्या एस.टी.त पाहते तर मुरब्याच्या आठ-नऊ बायका, डोक्यात अबोली माळून, लग्नाला निघाल्यासारख्या.

मी हिरावयनीला म्हटलं, "वयनी, एक बोंबील द्यायला तयार नव्हतीस, रक्त देतेस?"

"रक्त तुला देते," ती म्हणाली. "दुखन्याला नाय."

कारखान्याच्या कँटीनमध्ये पांढऱ्या चादरींचे पलंग टाकले होते. रांगेत कामगार होते, बहुतेक उत्तरेकडचे. आमच्या पुढं रामसूरत नावाचा एक जण. त्याच्याशी आयनं मोडक्या हिंदीत गप्पा सुरू केल्या. कामगारांच्या पगारातून दर महिन्याला दुखण्यासाठी कापतात हे तिनं बाजारात ऐकलं होतं, तिला ते त्याच्याकडूनच ऐकायचं होतं.

"तेरा भी काटता क्या? बीमार नाय तो भी?"

"सबका कटता है, माई. बीमार हो, न हो."

"फिर बीमार पडा?"

"चार साल में एक बार. मलेरिया. और दवाखाने में मिली वही सफेद गोली, जो सबको मिलती है." तो हसला. "गाली भी देते हैं, कटवाते भी हैं."

"कटने से बीमारी आती नाय?"

त्याला प्रश्नच कळला नाही. आयनं पुन्हा विचारला. तो म्हणाला, "माई, बीमारी को क्या मालूम किसका कटता है?" आयनं पदर नीट केला.

मग आमची पाळी आली. नर्स बोटाला टोचून रक्ताचा थेंब घ्यायची आणि एका निळ्या पाण्याच्या भांड्यात सोडायची. पहिली आय. थेंब पाण्यात पडला, जरा खाली गेला, आणि वर येऊन तरंगायला लागला.

"तरंगला!" आय खूश होऊन ओरडली. पुढचीचाही तरंगला. तिच्या पुढचीचाही. बायका एकमेकींना टाळ्या द्यायला लागल्या. "माझा तरंगला, माझा पन तरंगला." मलाही आनंद झाला. आमच्यातलं कुणी तरलं की आमचा जीव भांड्यात पडतो, दुसरं आम्हाला माहीतच नाही. मग हिरावयनीचा थेंब सोडला आणि तो सरळ तळाशी गेला.

ती पांढरीफटक पडली. खुर्चीचा हात धरून म्हणाली, "बाय, माझा बुडला. माझं काय व्हनार?"

नर्स आमच्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "अहो, बुडायलाच पाहिजे. बुडला म्हणजे रक्त चांगलं. तरंगला म्हणजे पातळ, कमी. ह्यांचंच फक्त घेता येईल. तुम्ही बाकीच्या रक्त काय देता, तुम्हालाच औषध पाहिजे."

आय आपलं टोचलेलं बोट बघत राहिली. नर्स एकेकीला विचारत गेली, चक्कर येते का, पाय सुजतात का, धाप लागते का, आणि प्रत्येकीचं उत्तर हो येत गेलं.

शेवटी हिरावयनीनं दिलं, डोळे घट्ट मिटून, हात दुसऱ्याचा असल्यासारखा बाजूला टाकून. दुसरी बाटली कुठून आणायची, मी त्या विचारात बसले होते. रामसूरत कार्ड घेऊन चालला होता. आयनं त्याला काही विचारलं नव्हतं, मीही नाही. त्यानं बाहेर जाता जाता टेबलावरच्या माणसाला सांगितलं, "मेरा भी इनके नाम लिख दो." नाव पण विचारलं नाही त्यानं माझं. त्याला पुन्हा कधी भेटले नाही.

परतीच्या एस.टी.त सफाळ्याच्या माहेरची एक जण खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मला वाटायचं, चक्कर सगळ्यांनाच येते."

बायकांची पाटी

ही सभा कुणी बोलावली नव्हती. बोंबील वाळत घातले होते, उन्हाची वेळ होती, पाखरं हाकत बायका बसल्या होत्या आणि कुणीतरी म्हणालं, आपली वेगळी पाटी काढू. पुरुषांची नको नि त्यांची बोलणी नको. दर आठवड्याला वाळल्या बोंबलांतून मूठ-मूठ. कुणी विरोध केला नाही. मी माझं हसू पदराआड लपवत होते.

मग हिरावयनी म्हणाली, "पन एक सांगते. जी आदीच आजारी, तिला यातून नाय."

सगळ्या तिच्याकडे बघायला लागल्या, माझ्याकडे कुणीच बघेना.

"राग मानू नका," ती म्हणाली. "आदी पाटी, मंग दुखनं. नायतर जी ती दुखनं आल्यावर मूठ घेऊन येईल. मंग पाटी टिकंल कशी? बोटीच्या पाटीत पन तोच नियम हाय."

तिचं बरोबर होतं. हेच तर वाईट होतं. ती दुष्ट नव्हती, तिचं रक्त माझ्या नावानं बाटलीत भरलेलं होतं. तिचा हिशेब सरळ होता, आणि त्या सरळ हिशेबात मी मरत होते. तारीख पंधरवड्यावर आली होती.

आय उठली. मला वाटलं, ही पुन्हा तिच्याच बाजूनं बोलणार.

"हिरे," ती म्हणाली, "आदीच आजारी कोन नाय ते तूच सांग. तुझा थेंब बुडला. आमचे सगळ्यांचे तरंगले. मंग आमी सगळ्या भायेर. पाटी एकट्या तुझीच. तूच भर नि तूच खा."

हसण्याचा असा कल्लोळ झाला की पाखरं उडाली. हिरावयनीही हसली, नको नको म्हणत हसली. आय हसत नव्हती. ती उभीच होती.

"मी म्हनायचे, पाटीनं आमच्यांना नेलं," ती म्हणाली. "इतकी वर्सं मनाला तेच लावून घेतलंय. मी तर कदी मूठभर काढली नाय. माझ्याकडं आवतनाशिवाय आलंच की."

तिचा नवरा गेल्यानंतर मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं. तेव्हाही ती रडली नाही. पण मला तिथंच रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

हिरावयनी म्हणाली, "बरं. सुमनसाठी काढू. पन एकदाच. पुढं नियम म्हंजे नियम."

जमलं तेवढ्यानं भागणार नव्हतं. गुरुजींच्या शब्दावर सोसायटीनं उरलेलं आगाऊ दिलं, आणि बायकांनी पुढच्या मोसमभर पाटी भरून ते पुरं करायचं ठरलं. पुरुषांची पाटी माझ्यासाठी उघडली नाही, ती नाहीच.

इस्पितळ

इस्पितळात शिरल्यावर माणूस खाटेच्या नंबरानं ओळखला जातो. सकाळी ताप बघायचा, मग गोळ्या, मग मोठ्या डॉक्टरांची फेरी. त्यांच्या मागं दहा-बारा शिकाऊ मुलं. प्रत्येक जण माझ्या छातीला नळी लावून बघायचा. एका मुलीनं मात्र नळी लावण्याआधी ती तळहातात घासून गरम केली. तेवढ्यासाठी मी तिला अजून आशीर्वाद देते.

शेजारच्या खाटेवरची बाई गिरणीकामगाराची बायको होती. तिच्याकडे विम्याचं कार्ड होतं आणि तिच्या तक्रारी संपत नव्हत्या. पलीकडची आदिवासी बाई डहाणूच्या डोंगरातली. तिच्याकडे काही नव्हतं आणि ती कधी बोलत नव्हती. दोघींच्या मधे मी. मला रोज वाटायचं, गावाकडे आत्ता कुणीतरी म्हणत असेल, कशाला काढायची पाटी? सुमन काय वाचत नाय.

ऑपरेशनच्या सकाळी हे माझ्या खाटेच्या कडेला बसून माझ्या पायाची बोटं दाबत होते, एकेक करून. मी म्हटलं, "घाबरू नका." ते म्हणाले, "मी कुटं घाबरलोय." मग मी म्हटलं, "मी घाबरलेय." तेव्हा त्यांनी माझा पाय दोन्ही हातांत घट्ट धरला. नेणारे आले तरी सोडला नाही. त्यांना सांगावं लागलं.

शुद्धीवर आले तेव्हा डाव्या कुशीत कुणी पलिता लावला असावा तसं वाटत होतं. खोकावं लागतं, आणि खोकलं की जीव जातो. वॉर्डातल्या मावशीनं शिकवलं, उशी छातीशी घट्ट आवळून धर, मग खोक. तुम्हालाही तेच सांगते, उशी सोडू नका. आणि मग चौथ्या-पाचव्या दिवशी कधीतरी माझ्या लक्षात आलं की मी आडवी झोपलेय. सपाट. पाठीशी काही नाही. ते बोट आत गेलं होतं आणि बाहेर आलं होतं.

सोडताना मोठे डॉक्टर म्हणाले, "झडप छान मोकळी झालीय. दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन चुकवायचं नाही. काही वर्षांनी पुन्हा चिकटू शकते. चिकटेलच असं नाही. पण शकते."

जिना उतरताना हे म्हणाले, "हे शेवटचं घरी सांगू नको."

"का?"

"एकदाच म्हनाल्यात त्या. पाटी अजून भरायची हाय त्यांना. परत व्हनार म्हटलं तर म्हनतील, पान्यात गेलं. सगळी पाटीच मोडंल. तू बरी झालीस एवढंच सांग."

बोईसर येईपर्यंत मी तेवढंच घोकत होते. बरी झाले. बरी झाले.

विचारलंच त्यांनी

मी चालत आले. स्टँडपासून घरापर्यंत, न थांबता, हळू पण न थांबता. पोर धावत येऊन कमरेला बिलगली आणि माझ्या छातीला कान लावायला बघायला लागली. आयनं तिला ओढलं, "टाका हाय तिथं, टाका." संध्याकाळ व्हायच्या आत सगळ्या बायका आमच्या अंगणात. हिरावयनी येतानाच बोंबलांचा भारा घेऊन आली होती, निवडायला. तिला नुसतं बसता येत नसे. पाटीचा दिवस होता, मधोमध पाटी होती, अर्धी भरलेली.

"पुरी बरी झालीस ना?" कुणीतरी विचारलं. "आता परत नाय ना?"

हे दारात उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. आयही बघत होती. मला होय म्हणायचं होतं. तोंडात आलंच होतं. मग मला वाटलं, ह्या बायकांनी मुठी काढल्या त्या काही मी कायमची बरी होईन म्हणून नव्हेत. आणि खोटं सांगितलं, आणि चार वर्षांनी मला पुन्हा त्याच चढावर पाटी उतरवावी लागली, तर ह्यांतली एकही जण परत कुणासाठी मूठ उघडणार नाही.

"झडप मोकळी झाली," मी म्हटलं. "पण डॉक्टर म्हणाले, परत चिकटू शकते. इंजेक्शनं कायमची आहेत."

हे दारातून आत निघून गेले. माझं हृदय असं धडधडायला लागलं की मोकळी झालेली झडप आत्ताच निकामी होते की काय, असं मला वाटलं. एकजण हळूच म्हणाली, "म्हंजे परत?" आणि तिनं हातातली मूठ मांडीवर ठेवली.

हिरावयनी मान खाली घालून निवडत होती. एक बोंबील तिनं उचलला, वास घेतला, बाजूला ठेवला.

"म्हंजे पाटी अजून लागंल," ती म्हणाली. मग तिनं पाटी फरफटत माझ्या पुढ्यात आणली. "बघतेस काय? आता तू पन धडधाकट हायस. काढ तुझी मूठ."

धडधाकट बाईनं मूठ काढायची म्हणजे दुखण्याला आवतण, हे मला आठवलंच. मी मूठ काढली.